खरं सांगितलेल्या मुलाची फाइल

सैन्य भरतीला गेलेला मुलगा तीन ठिकाणी पडू शकतो : लेखीत, ग्राउंडवर, मेडिकलला. लेखीत पडला तर क्लास लावतो. ग्राउंडवर पडला तर पहाटे आणखी लवकर उठतो. मेडिकलला कानातला मळ, किडका दात, हायड्रोसिल, मूळव्याध असं काही निघालं तर घरचे उसनवारी करून ते उरकून घेतात आणि पोरगं पुढच्या रॅलीत पुन्हा रांगेत उभं राहतं. माझ्या भाच्याचं जे निघालं त्याला ऑपरेशन नव्हतं. बारावीच्या वर्षी त्याने डिप्रेशनवर गोळ्या घेतल्या होत्या, आणि विचारल्यावर त्याने तसं सांगितलं.

*

2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात काय चाललं होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मेहुणे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. मुलाला बापाचं तोंडही बघायला मिळालं नाही. पुढे त्याची झोप गेली. जेवायला बसला की घास हातात धरून बसून राहायचा. आई समोरून उठली तरी त्याला कळायचं नाही. ताईला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. दिवाळी आली तरी ओसरलं नाही. शेजारणीने गाणगापूर सुचवलं, ताई तिथे जाऊनही आली. मग कॉलेजातल्या एका सरांनी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव दिलं आणि ताई पदराआड फाइल धरून त्याला तिथे घेऊन गेली.

आठ-नऊ महिने रोज एक गोळी आणि दर पंधरवड्याला डॉक्टरांशी बोलणं. नंतर डॉक्टरांनीच गोळी अर्ध्यावर आणली, मग बंद केली. शेवटच्या कागदावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या आहेत : लक्षणं उरलेली नाहीत, औषध थांबवलं, गरज वाटल्यास दाखवावे. तो कागद मी बघितलाय. त्या घरात त्या वर्षी आलेली ती एकमेव चांगली बातमी होती.

*

पळायला त्याला कुणी लावलं नाही. डॉक्टरांनी रोज सकाळी घराबाहेर पडायला सांगितलं होतं, तो चालायला लागला, चालता चालता भरतीच्या मुलांच्या मागे पळायला लागला. आपल्याकडे मार्चनंतर आठ वाजता ऊन डोक्यावर येतं, म्हणून ही मुलं साडेचारला घर सोडतात. अंधारात एकाच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, बाकीचे पळणारे. लष्कराच्या ग्राउंडला 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढलं तर पूर्ण 60 गुण, दहा बीम, म्हणजे पुल-अप, मारले तर 40. शिवाय नऊ फुटी खड्डा आणि वेड्यावाकड्या पट्टीवरून तोल सांभाळत चालणं. या मुलांच्या बोलण्यात दुसरा विषय नसतो. सोळाशे किती वेळात काढलं, बीम किती झाले, कुणाचं वय निघून चाललंय.

त्याने सोळाशेचे पूर्ण गुण घेतले. दहा बीम मारून खाली उतरला तेव्हा तळहाताची कातडी सोलली होती, आणि तो हात ताईला दाखवत हसला. बाप गेल्यावर त्याला तसं हसताना आम्ही पहिल्यांदा बघितलं.

*

मेडिकलला रांगेत प्रत्येकाला तेच विचारत होते : पूर्वी कुठला मोठा आजार, ऑपरेशन, कायमचं औषध? पुढचे सगळे ‘नाही सर’ म्हणत सरकत होते. याने सांगितलं. कधी, किती दिवस, गोळीचं नाव काय, तेही सांगितलं. अनफिट झाला. रिव्ह्यूला वेगळ्या रुग्णालयात पाठवलं, तिथल्या तज्ज्ञाने थोडं बोलून फाइल चाळली. निकाल बदलला नाही. कारणाच्या रकान्यात पूर्वीच्या उपचारांचा उल्लेख आहे. आज त्याची झोप, भूक, लक्ष, वागणं कसं आहे, याबद्दल त्या कागदावर एक शब्द नाही.

माझा आक्षेप एवढ्याच रिकाम्या जागेवर आहे.

*

नियम लपवलेले नाहीत. अधिकारी भरतीच्या जाहिरातींना जोडलेल्या वैद्यकीय निकषांत उमेदवाराच्या स्वतःच्या आणि कुटुंबाच्या मनोविकाराची, फिट्सची काळजीपूर्वक चौकशी करावी असं असतं. हवाई दलाच्या निकषांत तर निद्रानाश, भयगंड, वाईट स्वप्नं, झोपेत चालणं, अंथरूण ओलं करणं हेही आहे. वारंवार होत असेल तर घेऊ नये, असं. मनोविकारावरची औषधं पूर्वी घेतली होती का, हेही तपासायचं.

चौकशी करा, तपासा, यात गैर काहीच नाही. ज्याच्या हाती भरलेली रायफल देऊन रात्री एकट्याला पोस्टवर उभं करायचं, त्याचं मन कसं आहे हे बघायलाच हवं. पण चौकशी म्हणजे उत्तर मिळाल्यावर आणखी चार प्रश्न विचारणं. काय झालं होतं? कशामुळे? पुन्हा झालं का? औषधाशिवाय किती काळ गेला? हात मोडून जुळलेला मुलगा आला तर त्याचा एक्स-रे काढतात, कोपर पूर्ण वळतंय का, सरळ होतंय का ते करून बघतात, आणि मग ठरवतात. मनाच्या बाबतीत मात्र हात एकदा मोडला होता एवढ्यावर निकाल लागतो.

*

गाणगापूर भीमा-अमरजा संगमावर आहे. आपल्याकडून तासा-दोन तासांची वाट. सोलापूर, धाराशिव, लातूरकडची किती घरं बाधा झाली म्हणून आपली माणसं तिथे घेऊन जातात, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. त्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझ्या बहिणीला त्या दिवसांत तिथे आधार वाटला, हे खरं आहे. मला फक्त कागदाबद्दल म्हणायचंय.

समजा दोन मुलं आहेत. दोघांनाही सतराव्या वर्षी सारखाच त्रास झाला. एकाला घरच्यांनी वर्षभर देवस्थानांना आणि देवऋषींकडे फिरवलं. दुसऱ्याला डॉक्टरकडे नेलं, निदान झालं, औषध झालं, तो बरा झाला, औषध थांबलं. भरतीच्या रांगेत पहिल्याकडे कुठलाच कागद नाही. त्याला आजार काय होता, तो बरा झाला की दबून बसलाय, हे कुणालाच ठाऊक नाही, त्याला स्वतःलाही नाही. तो फिट. ज्याचं काय झालं, किती झालं आणि कधी संपलं हे तारखांसकट लिहिलेलं आहे, तो अनफिट.

सैन्याच्या दृष्टीने यातला धोका कुणाकडून जास्त, हे सैन्याच्या डॉक्टरांनीच सांगावं.

*

बंगळूरच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये देशातल्या 12 राज्यांत मानसिक आरोग्याचं मोठं सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता. 13 ते 17 वयाच्या मुलांत 7.3 टक्क्यांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक त्रास होता, असं त्यात निघालं. प्रौढांत 10.6 टक्के. आणि त्रास असूनही उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण आजारानुसार 70 पासून 92 टक्क्यांपर्यंत.

भरतीच्या मैदानावर हजार मुलं उभी असतील तर त्यांतल्या कित्येकांच्या शाळकरी वयात असं काही होऊन गेलेलं असणार, आणि त्यांतल्या बहुतेकांनी डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नसणार. ही सगळी मुलं आत जातात. चाळणीत अडकतो तो उपचार घेतलेला.

*

आत गेल्यावर काय होतं तेही बघू. सैन्यात प्रत्येक जवानाची वैद्यकीय प्रतवारी असते, तिला शेप म्हणतात. पाच अक्षरं, पाच बाजू : मन, कान, हातपाय, शरीराची क्षमता, डोळे. पाचही उत्तम असतील तो शेप-वन. यातलं पहिलंच अक्षर मनाचं आहे.

नोकरीत असलेल्या जवानाला डिप्रेशन आलं तर त्याला लष्करी रुग्णालयात मानसोपचार मिळतात, हत्याराविना काम देतात, खालच्या प्रतवारीत ठेवतात. आपल्याकडचे जवान ‘कॅटेगरी लागली’ म्हणतात ते हेच. तात्पुरती कॅटेगरी असेल तर 24 आठवड्यांच्या आत पुन्हा बोर्ड बसतं. सुधारला असेल तर प्रतवारी वर जाते, आणि पूर्ण बरा झाला तर तो पुन्हा शेप-वन होऊ शकतो. म्हणजे मन आजारी पडतं, उपचारांनी बरं होतं आणि बरा झालेला माणूस पुन्हा हत्यार हाती घेऊ शकतो, हे सैन्य मानतं. इतकंच नव्हे, ते करून दाखवणारे डॉक्टर सैन्याकडे आहेत. पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच आहे.

जे तत्त्व फाटकाच्या आत चालतं, ते फाटकावर का चालू नये?

*

याचं एक उत्तर आहे आणि ते मी टाळणार नाही. 2022 मध्ये संरक्षण राज्यमंत्री अजय भट्ट यांनी संसदेत आकडा दिला : आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या 819 जणांनी आत्महत्या केल्या, त्यांत लष्करातले 642. यांतला प्रत्येक जण भरतीच्या दिवशी फिट होता. हा आकडा पुढे करून कुणी म्हणेल, बघा, धडधाकट मनाची माणसं तिथे कोसळतात, मग एकदा कोसळून उठलेल्याला कसं घ्यायचं? हा प्रश्न रास्त आहे. रजा नाही, घरी जमिनीचा तंटा, बायको आजारी, वर सियाचीनची थंडी, यात जुनं दुखणं वर येऊ शकतं.

पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही असू शकते. त्यांतल्या कित्येकांना आतल्या आत कुढायची सवय असेल. मदत मागितली तर कॅटेगरी लागेल, बढती अडेल, लोक बोलतील, ही भीती असेल. ज्या मुलाने सतराव्या वर्षी मदत मागितली, घेतली, आणि अधिकाऱ्यासमोर ती कबूलही केली, तो तिथे पुन्हा वेळेवर तोंड उघडेल याची शक्यता जास्त आहे, असं मला वाटतं.

*

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशांना सरसकट नाकारण्याचा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर केला होता. हॅरी स्टॅक सलिव्हन या मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने भरतीच्या दारातच मनाची चाळणी लावली. कमकुवत मनाचे बाहेर ठेवले की आघाडीवर कुणी कोसळणार नाही, अशी कल्पना. दहा लाखांहून कितीतरी जास्त तरुण त्या चाळणीत परत गेले. तरीही आघाडीवर माणसं कोसळतच राहिली, पहिल्या महायुद्धापेक्षा जास्त प्रमाणात. शेवटी 1944 मध्ये जनरल जॉर्ज मार्शल यांनी ती चाळणी थांबवायला सांगितली.

याहून महत्त्वाची गोष्ट नंतरची. मनाच्या कारणावरून आधी नाकारलेले पण पुढे माणसं कमी पडली म्हणून घेतलेले असे दोन हजारांवर सैनिक होते. त्यांचं पुढे काय झालं, याचा अभ्यास 1951 मध्ये छापून आला. पाचांतल्या चौघांनी समाधानकारक नोकरी केली होती. मनोविकारामुळे बाहेर काढावे लागलेल्यांचं प्रमाण इतर सैनिकांच्या साधारण दुप्पट होतं, हेही त्यात आहे. म्हणजे धोका होता. पण सरसकट नाकारलं असतं तर पाचांतले चार चांगले सैनिक उगाच घरी बसले असते.

*

आज अमेरिकेच्या सैन्याच्या निकषांत डिप्रेशनचा पूर्वेतिहास नापास करतो, पण अटी लिहून दिलेल्या आहेत. एकूण 12 महिन्यांपेक्षा जास्त उपचार लागले का? गेल्या 36 महिन्यांत लक्षणं किंवा औषध होतं का? रुग्णालयात दाखल व्हावं लागलं का? पुन्हा उद्भवलं का? आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न होता का? या सगळ्यांचं उत्तर ‘नाही’ असेल तर जुना उपचार आड येत नाही. त्यात बसला नाही तर खास सवलतीचा अर्ज करता येतो आणि त्यावर विचार होतो. गंभीर आजारांना सवलत नाही.

तिकडचं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. तिथेही मुलं लपवतात, तिथेही तक्रारी आहेत. पण तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं, हे मुलाला आधी कळतं. तो वाट बघू शकतो. आमच्या मुलाला वाट बघण्याचीही सोय नाही, कारण किती थांबलं म्हणजे चालेल हे कुठे लिहिलेलंच नाही. आणि थांबायला वय कुठे आहे? अग्निपथ योजना 14 जून 2022 ला जाहीर झाली तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस होती. या वयाचं मूल तीन वर्षं थांबलं तर बहुधा त्याचं दार वयानेच बंद होतं. म्हणून मुदत ठरवताना वयाचाही हिशेब करावा लागेल.

*

आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाचं चौथं उपकलम मी कितीदा तरी वाचलं. पूर्वी मनोरुग्णालयात उपचार घेतले किंवा दाखल झाला होता, ही बाब विचारात घ्यायला हरकत नाही, पण केवळ तेवढ्यावरून त्या माणसाला आज किंवा पुढे मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असा त्याचा अर्थ. आम्हाला पाहिजे ते सगळं या एका वाक्यात आहे. जुना उपचार बघा, पण फक्त तोच बघून निकाल देऊ नका.

हा कायदा भरतीचे निकष ठरवत नाही, हे मला कळतं. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यातूनही सरकारने लढाऊ पदं वगळली आहेत. निमलष्करी दलांसाठी तशी अधिसूचना ऑगस्ट 2021 मध्ये निघाली. त्याच वर्षी 17 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने रविंदर कुमार धारीवाल या सीआरपीएफ अधिकाऱ्याच्या खटल्यात निकाल दिला. नोकरीत असताना त्यांना मनोविकार जडला होता आणि वागणुकीवरून त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालली होती. न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ती कारवाई म्हणजे भेदभाव ठरवली. तो निकाल नोकरीतल्या माणसाचा आहे, दारात उभ्या असलेल्याचा नाही. तरी न्यायालय मनाच्या आजाराकडे कसं बघायला लागलंय, ते त्यातून कळतं.

*

‘मामा, सगळे नाही म्हणाले. मीच कशाला बोललो?’

हे त्याने मला घरी आल्यावर विचारलं. भरतीची तयारी करून घेणारे काही जण मुलांना सरळ सांगतात, कानावर हात ठेवा, काहीही विचारलं तरी नाही म्हणा. या मुलांच्या दृष्टीने तो व्यवहार आहे. पण 1950 च्या लष्कर कायद्याचं 44 वं कलम त्यांना कुणी सांगत नाही. भरतीच्या वेळच्या नमुन्यातल्या प्रश्नाला जाणूनबुजून खोटं उत्तर दिल्याचं पुढे उघड झालं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पेन्शनचाही मुद्दा आहे. 2013 चा धरमवीर सिंग खटला बघा. हा जवान 1985 मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झाला आणि 1994 मध्ये फिट्सच्या आजारामुळे त्याला काढलं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा धडधाकट होता असंच धरायचं, आणि आजार नोकरीमुळे झाला नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. म्हणजे भरतीच्या दिवशीचा तो कागद पुढे आयुष्यभर पुरतो. त्यावर खरं असणं जवानाच्याही फायद्याचं, सैन्याच्याही. पण खरं बोलणाऱ्याला तिथल्या तिथे घरी पाठवायचं आणि खोटं बोलणाऱ्याला आत घ्यायचं, असं चालत राहिलं तर तो कागद खरा राहणार कसा?

भाच्याला मी म्हटलं, तू बोललास ते बरोबर केलंस. त्याला ते पटलं की नाही, मला सांगता येणार नाही.

*

भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. द्वारकानाथ कोटणीस 10 ऑक्टोबर 1910 ला सोलापुरात जन्मले. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, आठव्या रूट आर्मीबरोबर राहिले, आघाडीच्या मागे रात्र रात्र शस्त्रक्रिया केल्या. तिथे असतानाच त्यांना फिट्स यायला लागल्या. तरी ते काम करत राहिले, बेथ्यून रुग्णालयाचं प्रमुखपद सांभाळत राहिले, आणि 9 डिसेंबर 1942 ला त्याच आजाराने गेले. वय 32.

फिट्स हा मनाचा आजार नव्हे. आपले अर्ज मात्र दोन्ही एकाच दमात विचारतात. फिट्स येणाऱ्याला लढाईत पाठवा असं मी म्हणणार नाही. कोटणीसांनाही विश्रांती मिळाली असती तर ते कदाचित जगले असते. मला त्यांची आठवण येते ती वेगळ्या कारणाने. आमच्या गावाने जगाला दिलेला युद्धभूमीवरचा सर्वांत मोठा माणूस आजार घेऊन काम करत होता. त्याच्या सोबत्यांनी त्याच्या आजारासकट त्याचं काम बघितलं.

त्यांचा जन्मदिवस, 10 ऑक्टोबर, 1992 पासून जगभर मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळतात. योगायोगच, पण सोलापूरच्या शाळा-कॉलेजांनी त्या दिवशी दोन्ही विषय एकत्र बोलावेत.

*

आता कोर्टाचं. वकिलाने आम्हाला आधीच सांगितलं, मेडिकल बोर्डाच्या मतावर न्यायालय सहसा आपलं मत लादत नाही. ते योग्यच आहे, न्यायाधीश काही डॉक्टर नव्हेत. पण 2013 च्याच वीर पाल सिंग खटल्यात, ज्यात जवानाला स्किझोफ्रेनियाचं निदान करून 1977 मध्ये काढलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने नव्याने बोर्ड बसवायला लावलं. तज्ज्ञांच्या मताचा मान राखावा, पूजा करू नये, अशा अर्थाचं त्यात म्हटलंय. 2025 मध्ये राजुमोन टी. एम. या जवानाच्या खटल्यातही बोर्डाने कारणं न देता दिलेलं मत न्यायालयाने मान्य केलं नाही.

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो. मुंबईला हेलपाटे घालायला नकोत, एवढी तरी सोय झाली. पण वकिलाची फी, तारखा आणि एकीकडे सरत चाललेलं वय. आम्ही गेलो नाही. कोर्टात जाणं हे एकेका घराचं उत्तर होऊ शकतं; या रांगेतल्या सगळ्या मुलांचं होणार नाही.

*

या मुलांच्या घरच्यांसाठी, आम्हाला कळलेलं :

अनफिटचा कागद हातात पडला की रिव्ह्यू मागायचाच. मुदत भरतीच्या पत्रकात असते आणि ती दिवसांत मोजतात. अधिकारी भरतीत अपील बोर्डासाठी 42 दिवस असतात; रॅलीत फार कमी. घरी जाऊन सल्लामसलत करू म्हटलं तर दिवस निघून जातात.

फाइल पूर्ण ठेवा. 2017 च्या कायद्याच्या 25 व्या कलमाने रुग्णाला आपले वैद्यकीय कागद मागण्याचा हक्क आहे. निदान काय, औषध कुठलं, कधी सुरू, कधी बंद, दाखल व्हावं लागलं की नाही, नंतर पुन्हा त्रास झाला की नाही, हे एका पानावर डॉक्टरांकडून लिहून घ्या. आमच्याकडे सुट्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. समोरच्या डॉक्टरला तो चाळायला वेळ नव्हता.

मानसोपचारतज्ज्ञांना विनंती : सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचा उपचार संपवाल तेव्हा तो संपला असं स्वच्छ लिहून द्या. औषध सुरू केल्याची चिठ्ठी प्रत्येकाकडे असते, बंद केल्याची फार थोड्यांकडे.

*

सैन्याच्या वैद्यकीय विभागाकडे माझं मागणं मोठं नाही. गंभीर आजार आधीसारखेच नाकारा. बाकीच्यांसाठी औषधाशिवाय किती काळ गेला पाहिजे ते लिहून द्या, वयाचा हिशेब धरून. पूर्वी उपचार घेतलेल्याला पर्मनंट अनफिट न करता मानसोपचारतज्ज्ञाकडून आजची सविस्तर तपासणी करा आणि कारणं लिहा. अलीकडे रॅलीतच मुलांची ॲडॅप्टॅबिलिटी टेस्ट घ्यायला लागले आहेत. मुलगा नव्या परिस्थितीत टिकेल का हे बघायला. म्हणजे आजचं मन मोजायची तयारी झाली आहे. मग ज्याने स्वतःहून सांगितलं त्याचंही तसंच मोजा. मोजून नापास झाला तर आम्ही एक शब्द बोलणार नाही.

*

भाच्याने आता पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय. सोरेगावला राज्य राखीव पोलीस बलाचा दहावा गट आहे, त्याचं मन तिथे आहे. तिथेही मेडिकल आहे. विचारलं तर पुन्हा तेच सांगणार, म्हणतो.

ताईला गल्लीतल्या दोन-तीन बायकांनी विचारलं, की आमच्याही पोराला तसंच होतंय, पण त्याला मिलिटरीत जायचंय, डॉक्टरकडे नेऊ का नको? या प्रश्नाचं उत्तर कुणाही आईने भरतीचा विचार करून देऊ नये. मुलगा झोपत नसेल, जेवत नसेल, बोलायचा बंद झाला असेल तर त्याला डॉक्टरकडे न्या. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. ते जमत नसेल तर 14416 हा टेलिमानसचा क्रमांक लावा. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.